थोड्या घरांचं आडनाव

माणूस मेल्यावर कुठे जातो, हा प्रश्न सगळ्याच धर्मांना पडला आहे. आम्हा गोंडांना त्यासोबत आणखी एक प्रश्न पडतो: तो कुणाकडे जातो? आमच्या जुन्या माणसांच्या समजुतीप्रमाणे माणसात दोन गोष्टी नांदतात. एक जीव. तो वरून मिळतो, मरणाच्या वेळी परत जातो आणि पुन्हा कुठल्याही देहात येऊ शकतो. त्याला नातं नसतं, गाव नसतं. दुसरा सनाल. सनाल म्हणजे तो माणूस, जसा आपण त्याला ओळखत होतो तसा, त्याच्या स्वभावासकट आणि नात्यांसकट. जीव कुठेही जावो, सनालाला आपल्याच माणसांत जायचं असतं. विधी नीट झाले की तो कुळाच्या देवाकडे, पेरसापेनकडे पोचतो आणि आधी गेलेल्या आजा-पणज्यांत मिळतो. ते कुळ कोणतं, हे सांगणारी खूण म्हणजे आडनाव.

मग ज्या आडनावाची घरंच थोडी उरली आहेत, त्याचं काय? शेवटचं घर मिटलं, तर त्या कुळाच्या मेलेल्यांना देवात कोण मिळवणार? त्यांच्या नावानं पुढे तांदूळ कोण वाहणार? हा प्रश्न मी पुस्तकात वाचलेला नाही. तो आमच्या घरातला आहे.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या पहाडावर वाढले. माहेरचं आडनाव फार थोड्या घरांत आहे. ते इथे लिहीत नाही, कारण लिहिलं तर त्यातल्या प्रत्येक घराकडे बोट दाखवल्यासारखं होईल. सासर मेश्रामांचं, आणि हे आडनाव विदर्भात इतकं पसरलेलं आहे की त्यावरून कुणाचाच पत्ता लागत नाही. नोकरी आश्रमशाळेत झाली, बरीचशी एटापल्ली आणि भामरागडकडे. विरळ आडनावातून दाट आडनावात आलेली बाई आणि पोरांची नावं हजेरीपटावर लिहिणारी बाई, अशा दोन्ही बाजूंनी हा प्रश्न मला भेटत राहिला.

आडनावं ठिकठिकाणी वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. देशावर नि कोकणात गावाच्या नावाला ‘कर’ लागतो. तिकडे पोलंडमध्ये ‘स्की’नं संपणारी पुष्कळ आडनावं अशीच गावावरून, जमिनीवरून आलेली आहेत, बाईच्या आडनावात त्याचं ‘स्का’ होतं. कुलकर्णी, देशमुख, पाटील ही आडनावं वतन सांगतात. आमचं आडनाव यातलं काहीच सांगत नाही. अहेरीचं राजघराणं आत्राम आहे आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून पोट भरणारं घरही आत्राम आहे. आडनावावरून कोण राजा नि कोण मजूर ते कळत नाही. कळतं ते एवढंच, की हा माणूस किती देवांचा.

चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे. गोंडीत नालवेन सगा, सिवेन सगा, सारवेन सगा, येरवेन सगा. प्रत्येक कुळ यांपैकी एका सगात बसतं. एका सगातली सगळी कुळं एकमेकांची भावंडं. त्यांच्यात लग्न होत नाही. मुलगी द्यायची-घ्यायची ती दुसऱ्या आकड्याच्या घरात. मेश्राम येरवेन सगातले, म्हणजे सात देवांचे. ही मोजणी सगळीकडे तंतोतंत सारखी नाही. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा मोठा ग्रंथ छापला, त्यात जिल्ह्याजिल्ह्यांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. एकच कुळ इकडे सहा देवांत, तिकडे सातांत. पण आपल्या मुलखात आपला आकडा कोणता, याबद्दल घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या मनात शंका नसते.

ही वाटणी कुणी केली? गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे लाखो गोंड जमतात. कथा अशी, की काली कंकालीची मुलं त्या गुहेत कोंडली गेली होती. आमचे आदिगुरू पहांदी पारी कुपार लिंगोनं त्यांना सोडवलं आणि सोडवल्यावर सगांत वाटलं. या कथेतला क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी सुटका, मग नातं. अंधारातून बाहेर आलेल्या पोरांना लिंगोनं मोकळं सोडून दिलं नाही. तू कुणाचा भाऊ, तू कुणाचा सोयरा, हे आधी ठरवून दिलं. ज्याला कुणीच कुणी नाही तो सुटला तरी सुटलेला नसतो, असं ही कथा मला सांगते.

भामरागडकडच्या शाळेत हजेरीपट लिहिताना ते डोळ्यांना दिसायचं. मडावी, आत्राम, पुंगाटी, उसेंडी ही आडनावं खाली खाली येत राहायची. मध्येच एखादं पोर असं, की त्याचं आडनाव अख्ख्या शाळेत दुसऱ्या कुणाचं नाही. आईबापांपासून लांब, वसतिगृहात पहिल्यांदा आलेलं. मडावी पोरं एका कोपऱ्यात, आत्राम पोरं दुसऱ्या कोपऱ्यात, आणि हे दाराशी. तिकडच्या माडिया गोंडांमध्येही देवांच्या आकड्याची हीच रीत आहे. थोड्या वेळानं एखादा मोठा पोरगा येऊन त्याला विचारायचा, किती देवांचा रे तू? पोर आकडा सांगायचं, आणि सगळी मांडणीच बदलायची. त्याच आकड्याचे सगळे त्याचे दादा झाले, बाकीचे सोयरे झाले, ज्यांची चेष्टा करायची मुभा असते. आडनाव एकट्याचं होतं, पण तो एकटा राहिला नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. सासरचं मेश्राम हे आडनाव नागपुरापासून गडचिरोलीपर्यंत पेरलेलं आहे. गोंडांत आहे, बौद्धांत आहे. परधानांत आहे, कारण परधान हे आमचे गाथा सांगणारे. ते ज्या कुळाची किंगरीवर कथा सांगतात, त्या कुळाचं नाव त्यांच्याकडेही चालतं. गेडामांचंही असंच आहे. बसमध्ये शेजारी बसलेल्या मेश्रामबाईंशी माझं देवाचं नातं निघेलच असं नाही. आडनाव दाट आणि नातं विरळ. तिकडे माहेरी आडनाव विरळ आणि नातं दाट. म्हणून एखाद्या आडनावाची माणसं किती, ही शिरगणती मला अपुरी वाटते. त्या आडनावामुळे कोण कोण माझं होतं, हे मोजायला हवं.

आडनावासोबत काय सांभाळायचं हेही ठरलेलं आहे. गोंडी पुनेम, म्हणजे आमचा धर्म, मानणारे ७५० कुळं मोजतात आणि प्रत्येक कुळाकडे एक झाड, एक पशू, एक पक्षी राखायला दिलेला आहे असं सांगतात. नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी ही मांडणी पुस्तकांतून घरोघरी नेली. ते २०१५ मध्ये गेले. त्यांनी स्वतःचं मोतीराम हे नाव बदलून मोतीरावण केलं; नावातून आपला विचार सांगता येतो. आडनावाला मात्र त्यांनी हात लावला नाही, आणि मला ते बरोबर वाटतं. नाव आपलं असतं, ते बदलता येतं. आडनाव आपल्याकडे ठेवायला दिलेलं असतं.

टेकामांचं झाड साग, मरकामांचं आंबा. आलापल्लीच्या जंगलातला साग देशभर जातो. २०२३ मध्ये तो अयोध्येच्या मंदिरासाठीही गेला. ज्याच्या कुळानं साग राखायचा, त्यालाच रोजंदारीसाठी सागाचे ओंडके उचलावे लागतात. यावर धर्म काय म्हणतो? माझ्या मते, भुकेपोटी उचललेल्या ओंडक्याचा दोष त्या माणसाला लागत नाही. पण आपल्या परसात, आपल्या बांधावर एक झाड राखणं त्यालाही जमतं, आणि तेवढं त्यानं करावं. मोठ्या कुळात एकानं झाड तोडलं तर राखणारे दहा असतात. थोड्या घरांच्या कुळात तोडणारा नि राखणारा एकच. विरळ आडनावाचं ओझं जड असतं ते असं.

आता ही आडनावं कागदावर कशी आली ते बघा. राजुऱ्याकडचा मुलूख निजामाच्या हैदराबादेत होता. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो आदिलाबाद जिल्ह्यातून निघाला. वर्धा नदीच्या पलीकडचा चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, आधीपासून इंग्रजांच्या मध्य प्रांतात. एकाच कुळाची दोन घरं दोन राज्यांत, वेगवेगळ्या लिप्यांत लिहिली गेली. इकडे कुमरे, तिकडे कुमरम. १९४० मध्ये जोडेघाटला निजामाविरुद्ध लढता लढता मारला गेलेला कुमरम भीम तेलंगणात कोमरम भीम म्हणून प्रसिद्ध आहे, त्याच्या नावाचा जिल्हाही आहे. चंद्रपूरच्या कुमरे घरातल्या पोरांना तो आपल्याच कुळाचा हे कुणीतरी सांगावं लागतं. इकडे शेडमाके, कुणाकडे शेडमाखे, नदीपलीकडे सेडमाकी. जिवतीच्या सीमेवर १४ गावं अशी आहेत की त्यांच्यावर दोन्ही राज्यांचा दावा आहे आणि तिथल्या माणसांची नावं दोन्हीकडच्या मतदार याद्यांत आहेत. एकाच माणसाचं आडनाव मराठीत एक, तेलुगूत दुसरं. संगणकावर अशी आडनावं मोजली, तर एका कुळाची तीन कुळं होतात आणि तिन्ही विरळ ठरतात. पुष्कळदा विरळपणा हा लिहिणाऱ्याच्या हाताचा असतो.

हा नुसता लिहिण्याचा प्रश्न असता तर मी एवढं बोलले नसते. अनुसूचित जमातींची यादी १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं झाली. जमातीचा दाखला तपासताना काय बघायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये माधुरी पाटील खटल्यात घालून दिलं. जुनी कागदपत्रं तर हवीतच. शिवाय देव कोणते, लग्नाची रीत कोणती, मेल्यावर काय करता, पुरतात की जाळतात, हेही विचारायचं. खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा बळकावल्या जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून तपासणी हवी, कडक हवी, याबद्दल माझं दुमत नाही. पण आडनावाची यादी हातात घेऊन बसलेल्या माणसासमोर विरळ आडनावाचं खरं पोर उभं राहतं, तेव्हा काय होतं तेही पाहिलं आहे. यादीत नाव सापडत नाही. मग संशय सुरू होतो. पोराला कुळाची कथा विचारतात. वसतिगृहात वाढलेल्या पोराला ती येत नाही. आणि परक्या आडनावाच्या हुशार उमेदवारानं ती पाठ केलेली असते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की रीतिरिवाजांवरून जमात ताडायची ही चाचणी म्हणजे शेवटची कसोटी नव्हे. मला त्या निकालानं बरं वाटलं. देवांचा आकडा ही एका माणसाची परीक्षा घ्यायची गोष्टच नाही. पोराला विचारण्यापेक्षा त्याच्या आज्याच्या दिवसाला कोण कोण आलं होतं ते विचारा, कुणी कोणतं काम उचललं ते विचारा. कुळ साक्षीनं ठरतं, पाठांतरानं नाही.

आडनाव टाकून देणारेही आमच्याच मुलखात झाले. १९८० च्या सुमारास नक्षली गडचिरोलीत आले आणि आमची कितीतरी पोरं-पोरी त्यांच्यासोबत जंगलात गेली. तिथे पहिलं काम म्हणजे नवं नाव. आडनाव मागेच राहायचं. घरच्यांना त्रास होऊ नये हा हेतू असेल, जुनी ओळख पुसावी हाही असेल. त्यातले जे शरण येतात त्यांना कागदासाठी जुनं आडनाव पुन्हा धारण करावं लागतं. जे चकमकीत मेले त्यांचा प्रश्न मला अधिक छळतो. टोपणनावानं मेलेल्या पोराचा सनाल कोणत्या देवाकडे गेला? आमच्यातल्या म्हाताऱ्यांनी यावर जे केलं ते मला फार मोठं वाटतं. त्यांनी पोरानं काय केलं हे बाजूला ठेवलं, त्याला जुन्या नावानं हाक मारली आणि त्याचा विधी केला. माणसानं आडनाव टाकलं तरी आडनाव माणसाला टाकत नाही.

याच्या उलट एक आडनाव बंडातूनच मोठं झालं. बाबुराव पुल्लेसुर शेडमाके यांना इंग्रजांनी २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपूरच्या तुरुंगात पिंपळाच्या झाडाला फाशी दिलं. तेव्हा ते पंचविशीतले होते. दरवर्षी त्या दिवशी तुरुंगाच्या आवारात माणसं जमतात, आणि त्यात शेडमाके थोडे, बाकीचे सगळे जास्त. मडावी येतात, कोडापे येतात, गेडाम येतात, गोंड नसलेलेही येतात. मडावी आणि आत्रामांच्या मानानं हे आडनाव थोड्या घरांचंच. पण त्या मेलेल्याला आठवण्यासाठी ते आडनाव लावणाऱ्यांची वाट बघावी लागत नाही.

आता बाईचं. कुळ बापाकडून येतं, लग्नानं नवऱ्याचं होतं. मेश्रामांचा पेरसापेन म्हणजे केसलापूरचा नागोबा, आदिलाबाद जिल्ह्यात, आमच्या पहाडावरून जवळ. पुष्य अमावास्येला तिथे जत्रा भरते. त्याआधी मेश्राम पुरुष अनवाणी चालत जाऊन गोदावरीचं पाणी आणतात आणि त्या पाण्यानं देवाची पूजा होते. लग्न होऊन आलेल्या सुनांना तिथे देवाची भेट घडवतात. पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर, सोबत घरातल्या मोठ्या बाया. ती भेट होईपर्यंत सून मेश्रामांची पुरती झालेली नसते; देवाच्या पूजेत तिला जागा नसते. माझी भेट झाली तेव्हा मी शिकलेली, नोकरी करणारी बाई होते, आणि माझ्या मनात एक प्रश्न होता जो मी कुणाला विचारला नाही: आता मी मेले तर माझ्या आजीला परत भेटणार नाही का?

त्याचं उत्तर मला त्याच जत्रेत मिळालं. नागोबाच्या आवारात नवी माती कालवून वारूळ घालतात. ते काम कुणाचं? मेश्रामांच्या लग्न होऊन गेलेल्या लेकींचं आणि जावयांचं. ज्या पोरी दुसऱ्या देवात गेल्या, त्यांनीच पाणी आणायचं, त्यांनीच माती मळायची, आणि त्यासाठी त्यांना मान द्यायचा. म्हणजे देवाला ठाऊक आहे, की गेलेली लेक गेलेली नसते. आमच्यात दूध लौटावा अशीही रीत आहे. ज्या घरानं मुलगी दिली त्या घराचं दूध आपल्याकडे आलं, म्हणून पुढच्या पिढीत एक मुलगी त्या घरात परत द्यायची. या रीतीनं मुलीच्या मर्जीविरुद्ध लग्न लावलं तर मी त्याच्या विरोधात उभी राहीन. पण रीतीमागचा विचार खरा आहे: बाई आपल्यासोबत एक कुळ घेऊन येते, आणि ते देणं सासरच्यांनी विसरायचं नसतं. पुरुषाला देव जन्मानं मिळतो. बाई देव स्वीकारते. तिला दोन देवांची ओळख असते, आणि दोन्हीकडे तिच्या हाताची माती असते.

आता सुरुवातीच्या भीतीकडे येते, कारण ती भीती आमच्या माहेरी खरी आहे. माझ्या भावाला मुलीच आहेत. नातेवाईक हळहळतात, की इतकं थोडं आडनाव आणि त्यात मुलगा नाही, आता कुळ बुडणार. याच भीतीनं कितीतरी बायकांना मुलगा होईपर्यंत बाळंतपणं सोसावी लागतात, कितीतरी घरांत दुसरी बायको येते. विरळ आडनावाच्या घरात हा धाक दुप्पट असतो. आणि तो धाक धर्माच्या नावानं घातला जातो, म्हणून त्याला धर्मानंच उत्तर द्यायला हवं.

माझं उत्तर असं. पेरसापेन एकट्या आडनावाचा नसतो. तो कुळाचा आहे, कुळ सगाचं आहे, आणि सगात भावंडांची किती कुळं आहेत. लिंगोनं गुहेतून काढलेल्या पोरांना वेगवेगळी घरं दिली, पण एकेका आकड्यात बांधून दिली ती याचसाठी, की एक घर मिटलं तर दुसऱ्यानं त्याचा दिवा सांभाळावा. भावाला मुलगा नसेल तर त्याच्या दिवसाला त्याच आकड्याचा दुसरा भाऊ उभा राहील, आणि त्याच्या मुली, ज्या सोयऱ्यांच्या घरी गेल्या असतील, पाणी आणतील. जे सनाल देवात मिळाले ते मिळाले; नंतर आडनाव लावणारा कुणी राहिला नाही म्हणून ते बाहेर काढले जात नाहीत. ज्यांना अजून मिळायचं आहे त्यांना नेणारे सगात आहेत.

हे मी नुसतं मनाचं समाधान म्हणून सांगत नाही. तेलंगणात जैनूरजवळ मारलवाई नावाचं गोंडांचं गाव आहे. कुमरम भीम मारला गेल्यावर गोंड का उठले हे समजून घ्यायला निजाम सरकारनं एका ऑस्ट्रियन अभ्यासकाला बोलावलं: क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. युद्ध चालू होतं आणि जर्मन पासपोर्टमुळे ते शत्रूपक्षाचे ठरले होते. हैदराबाद संस्थानाबाहेर जायची त्यांना मनाई होती. ते नि त्यांची पत्नी बेट्टी मारलवाईत राहिले. तिथे गोंड शिक्षकांसाठी केंद्र सुरू झालं. सनाल आणि जीव यांचा आमचा विचार, सगांची मांडणी हे सारं त्यांनी लिहून ठेवलं. आमच्यात त्यांचा कुठलाच सगा नाही. त्यांचं आडनाव या मुलखात त्यांच्यापुरतंच. बेट्टी १९८७ मध्ये गेल्या आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मारलवाईत पुरल्या गेल्या. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनला गेले. त्यांची रक्षा २०१२ मध्ये मुलानं मारलवाईला आणून बेट्टींच्या शेजारी ठेवली. दर जानेवारीत गावकरी दोघांच्या समाधीवर जमतात, पूजा करतात, जेवण करतात. मुलगा परदेशात, कुळ परदेशात, आणि दिवस करणारे गोंड.

इतकं विरळ आडनाव आमच्या मुलखात दुसरं नसेल. तरी त्याच्या मेलेल्यांना माणसं आहेत. परक्या आडनावाच्या दोघांना आमचा समाज असं सांभाळू शकतो, तर आमच्याच सगातलं एक छोटं कुळ तो सोडून देईल, हे मी मानणार नाही.

भामरागडकडे माडियांचे स्मृतिदगड आहेत, मेलेल्यांसाठी उभे केलेले. त्यांवर अक्षर नसतं. तरी कोणता दगड कुणाचा ते गाव जाणतं, कारण तो उभा करताना गाव तिथे होतं. मला त्यातून एक साधी गोष्ट कळली. आडनाव दगडावर, कागदावर, संगणकावर लिहिलं म्हणून टिकत नाही. दिवसाला जाणं, भावाच्या मुलीचं लग्न आकडा विचारून आणि तिची मर्जी विचारून लावणं, बांधावरचं झाड न तोडणं, कुळाची कथा परधानाकडून ऐकून पोरांना सांगणं, यानं ते टिकतं.

म्हणून माझ्या भाच्यांना मी सांगितलं आहे, की लग्नानंतर कागदावर कोणतंही आडनाव लावा, त्याची मला पर्वा नाही. आपला बाप किती देवांचा, आपलं झाड कोणतं, आपल्या सगात कोण कोण, हे पाठ ठेवा आणि आपल्या पोरांना सांगा, मुलगे असोत की मुली. आणि माझ्या मुलांना सांगितलं आहे, की माझ्या दिवसाला मेश्रामांच्या पूर्वजांसोबत माझ्या माहेरच्या आजीचंही नाव घ्या. कुळाच्या पुजाऱ्यानं, कटोडानं, हरकत घेतली तर त्याला केसलापूरच्या वारुळाची माती कुणी मळली ते विचारा. माझी खात्री आहे, तो हरकत घेणार नाही.